रिकव्हरीच्या कप्प्यातल्या ताई

मंगळवारी सकाळी कॉम्प्युटरने रेकॉर्डकाकांना सांगितलं, की जागा संपली. सांगण्याची तऱ्हा काकांना मुळीच आवडली नाही. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उगवली, तिच्यात ‘रिकव्हरी ड्राइव्ह भरला आहे’ एवढंच लिहिलेलं, ना नमस्कार ना चमत्कार. आत जाऊन पाहिलं तर त्या कप्प्याची नेहमीची निळी पट्टी लालभडक झालेली. काकांच्या मते कार्यालयात लाल शाई वापरण्याचा अधिकार फक्त साहेबाला असतो, आणि त्यानेही आधी तोंडी समज द्यायची असते. इथे तर कालपर्यंत खाली मान घालून काम करणारं यंत्र एकदम लाल शाईवर उतरलं होतं.

रेकॉर्डकाकांचं खरं नाव घराच्या दारावर आहे, पण ते वाचण्याचे कष्ट इमारतीत कुणी घेत नाही. एका मोठ्या कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांची सगळी नोकरी गेली आणि तिथलेच प्रमुख म्हणून ते निवृत्त झाले. ‘माझ्या हातून एक कागद हरवला नाही’ हे वाक्य त्यांनी जिन्यात, गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी इतक्यांदा म्हटलं आहे की समोरचा माणूस ते पूर्ण होण्याची वाट न पाहता मान डोलावून मोकळा होतो.

त्यांचे नियम दोन. पहिला, महत्त्वाच्या प्रत्येक कागदाची दुसरी प्रत दुसऱ्या कपाटात. दुसरा, जपणाऱ्याने वाचायचं नाही. रेकॉर्ड रूममध्ये भल्याभल्यांच्या चौकशीचे कागद त्यांच्या हातून गेले, पण एकाही फाइलच्या आत काकांनी डोकावून पाहिलं नाही. वाचायला लागलं की माणूस ठरवायला लागतो, काय ठेवायचं आणि काय नाही, आणि तिथेच सगळं बिघडतं असं त्यांचं म्हणणं. घरी आलेलं पत्रसुद्धा ते न वाचता फाइलला लावत. त्यामुळे दोन लग्नं आणि एक डोळ्यांची तपासणी हुकली, पण पत्रं जागच्या जागी होती.

अशा माणसाच्या घरी लेक-जावयाने कॉम्प्युटर आणून दिला, आणि काकांना त्यात दोन कप्पे सापडले. एक मोठा, आणि एक छोटा, त्यावर ‘रिकव्हरी’ असं लिहिलेलं. हा छोटा कप्पा कशाला, म्हणून त्यांनी जावयाला फोन लावला. जावई तेव्हा जेवत होता. तोंडातला घास सावरत तो म्हणाला की बाबा, मशीन कधी झोपलंच तर त्यातून सगळं परत मिळतं. एवढ्यावर फोन संपला. काकांना मात्र जन्माचं सोनं झाल्यासारखं वाटलं. ज्याने कुणी हे यंत्र घडवलं त्यालाही दुसऱ्या प्रतीचं महत्त्व कळत होतं म्हणजे. तेव्हापासून घरातली प्रत्येक मोलाची गोष्ट मोठ्या कप्प्यात एकदा आणि रिकव्हरीत एकदा, अशी दोनदा ठेवली जाऊ लागली. लेकीची शाळेतली प्रगतिपुस्तकं, सगळ्या किल्ल्यांचे पुढून-मागून फोटो, कधीच मोडीत निघालेल्या मिक्सरचं गॅरंटी कार्ड, इमारतीच्या सभांची कार्यवृत्तं, आणि ताई.

ताई म्हणजे काकूंची थोरली बहीण. आयुष्यभर शाळेत खेळ शिकवलेली बाई. त्यांना शिट्टी कधी लागली नाही. मैदानाच्या या टोकाला उभ्या राहून त्या पलीकडच्या टोकाच्या मुलीला वाकू नकोस म्हणून सांगत, आणि मधल्या सगळ्या मुली सरळ व्हायच्या. रेकॉर्डकाकांना त्या पहिल्यापासून बिनकामाचा म्हणत, आणि तेही त्याच आवाजात. मग ताईंच्या घशाचं दुखणं निघालं. ऑपरेशनशिवाय मार्ग नाही आणि नंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काकू बहिणीजवळ बसल्या, आपला फोन मध्ये ठेवला आणि दुपारभर तिला बोलत ठेवलं. ऑपरेशन नीट झालं. ताई आता खातात, फिरतात, पत्त्यांत सगळ्यांना हरवतात. फक्त बोलत नाहीत.

घरी आल्यावर काकूंनी तो फोन काकांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “हे नीट ठेवा.” काकांनी ते नीट ठेवलं. एक प्रत मोठ्या कप्प्यात, दुसरी रिकव्हरीत. अर्थात ऐकलं नाही. नंतर तो फोन दुकानात देऊन काकूंनी नवा घेतला, कारण दोन प्रती असताना तिसरीची गरज नाही असं खुद्द रेकॉर्डकाकांनीच सांगितलं होतं.

ताईंनी मात्र तो आवाज ऐकायला आजवर साफ नकार दिला होता. विषय काढला की उठून गॅलरीत जायच्या. आणि नेमका ह्याच सोमवारी त्यांचा काकूंना निरोप आला, की रविवारी येते, ऐकायचं आहे. काकूंनी तो निरोप दिवसभरात काकांना कितीदा वाचून दाखवला ते विचारू नका. आणि मंगळवारी पट्टी लाल झाली.

पहिला सल्ला वरच्या मजल्यावरून आला. तिथे बँकेतून निवृत्त झालेले एक मॅनेजर राहतात. बँक सुटली तरी मॅनेजरपण सुटलेलं नाही. जिन्यात भेटले तरी आधी खुर्ची ओढून बसल्यासारखं बोलतात. त्यांनी पट्टी पाहिली, चष्मा वर केला, खाली केला आणि दुर्लक्ष करा म्हणून सांगितलं. संध्याकाळी खास खाली येऊन ते म्हणाले की अजिबात दुर्लक्ष करू नका, त्यांच्या एका साहेबाच्या कॉम्प्युटरचं असंच लाल होऊन तो कायमचा गेला. साहेब की कॉम्प्युटर, हे काकांनी विचारलं नाही. समोरच्या बिऱ्हाडातले फ्रिजदुरुस्तीवाले म्हणाले की यंत्राला हवा लागत नाही, खाली चार विटा ठेवा. विटा ठेवल्या. पट्टी लालच राहिली, फक्त विटांच्या उंचीवर गेली.

शेवटी कंपनीच्या मदत केंद्राला फोन करायचं ठरलं. फोन लागला, एका गोड आवाजाच्या मुलीने उचलला आणि यंत्राच्या मागच्या बाजूचा नंबर विचारला. इथे घोडं अडलं. कारण यंत्राला मागची बाजू उरलीच नव्हती. कॉम्प्युटर घरात आला तेव्हा काकांनी सुताराला बोलावून त्याच्यासाठी खास कपाट करून घेतलं होतं. चोराला हलवता येऊ नये एवढी एकच अट घातली होती, आणि सुताराने ती मनावर घेतली. त्याने यंत्र जागेवर ठेवून त्याच्याभोवतीच कपाट उभं केलं. समोरून बटणं आणि वायरी जाण्यापुरती भोकं, बाकी चहूबाजूंनी सागवान. विटाही खरं तर कपाटाखाली गेल्या होत्या.

काकांनी काकूंचा हातातला आरसा घेतला, तो एका फटीतून तिरका सरकवला, टॉर्च दातांत धरला आणि मोठ्या कष्टाने नंबर वाचून फोनवर सांगितला. त्या मुलीने जरा वेळ शोधलं आणि म्हणाली की सर, असं यंत्र आमच्याकडे जन्मालाच आलेलं नाही. काका खवळले. समोर दिसत असलेल्या वस्तूचा जन्म कुणी नाकारावा म्हणजे काय. भाजी निवडता निवडता काकू म्हणाल्या की आरशात सगळं उलटं दिसतं. मग काकांनी तोच नंबर शेवटाकडून पहिल्याकडे वाचला आणि यंत्राला जन्म मिळाला.

“आता सर, त्या रिकव्हरी ड्राइव्हमध्ये तुम्ही काही ठेवलंय का?” मुलीने विचारलं.

ह्या प्रश्नाची काका केव्हाची वाट पाहत होते. त्यांनी सगळं क्रमवार सांगितलं. प्रगतिपुस्तकं, किल्ल्या, मिक्सर, सभा.

“सर, तो ड्राइव्ह तुमच्यासाठी नसतो.”

“मग कुणासाठी असतो?”

“कॉम्प्युटरसाठी.”

काकांचा असा पाणउतारा नोकरीतही कधी झाला नव्हता. घर त्यांचं, कपाट त्यांचं, विजेचं बिल त्यांच्या नावावर, आणि एक कप्पा मात्र यंत्राचा खाजगी. ती मुलगी पुढे चांगलं समजावत होती, की तुमच्या वस्तू काढून घ्या, बाकी कशाला हात लावू नका. पण अपमान झालेला माणूस पुढचं कधी ऐकत नाही. काकांच्या कानात शिरलं ते एवढंच, की कप्प्यातून काहीतरी काढायचं आहे. काय काढायचं, हे ठरवायला त्यांना कुणा पोरीची गरज नव्हती. ह्या विषयात त्यांनी उभा जन्म घालवला होता.

कार्यालयात जुने कागद काढून टाकण्याची रीत ठरलेली होती. एकट्याने फाडायचं नाही, समिती नेमायची. त्याप्रमाणे गुरुवारी दुपारी काकांनी नष्टीकरण समितीची बैठक बोलावली. अध्यक्ष स्वतः, बाहेरचा सदस्य म्हणून मॅनेजर, आणि काकू, कारण चहा त्यांनाच करायचा होता. ही शेवटची गोष्ट काकूंना सांगितली नव्हती, पण त्यांना ती कळली होती.

बैठक चांगली लांबली. काकूंनी पहिलं बोट ठेवलं ते मिक्सरच्या गॅरंटीवर. मिक्सर भंगारात गेला तर गॅरंटी कशाला. काका म्हणाले की तो गेला म्हणूनच त्याची खूण ठेवायची. सभांची कार्यवृत्तं काढावीत का, तर त्यांत मॅनेजरांचं टाकीबद्दलचं भाषण होतं, त्यामुळे बाहेरच्या सदस्याने तीव्र विरोध नोंदवला. लेकीच्या प्रगतिपुस्तकांना हात लावायचा प्रश्नच नव्हता. ताईंच्या आवाजाशी आल्यावर तिघंही न थांबता पुढे सरकले. अशा तऱ्हेने घरच्या सगळ्या वस्तू तपासून झाल्या आणि एकही निघाली नाही.

मग त्यांची नजर कप्प्याच्या दुसऱ्या बाजूला गेली. तिथे एक भलंमोठं बिऱ्हाड पसरलेलं होतं. त्यातल्या वस्तूंची नावं उच्चारता येऊ नयेत अशाच बेताने ठेवलेली, आणि तारखा पाहाव्या तर कॉम्प्युटर ह्या घरात येण्याच्याही आधीच्या. काकांनी ह्यांतलं काही ठेवलेलं नव्हतं. काकूंनी तर कप्पाच आज पहिल्यांदा पाहिला होता. म्हणजे हे आधीच्या कुणाचं तरी राहून गेलेलं सामान, आणि इतके दिवस ते फुकट जागा अडवून बसलं होतं. मॅनेजर म्हणाले की बँकेत अशी बेवारस खाती असतात, त्यांचा निकाल लावावाच लागतो. काकू म्हणाल्या की कुणाचं आहे ते निदान विचारा तरी. त्यावर अध्यक्षांनी त्यांना नियम समजावून सांगितला. हरकतींसाठी उद्या सकाळपर्यंत मुदत दिली की झालं.

सकाळपर्यंत कुणाचीही हरकत आली नाही. शुक्रवारी चहा झाल्यावर काकांनी ते सगळं बिऱ्हाड निवडलं आणि नष्ट केलं. कॉम्प्युटरने नक्की का, असं विचारलं. पण ते तो प्रत्येक वेळी विचारतो. रेकॉर्ड रूममधला शिपाईसुद्धा विचारायचा. काकांनी हो म्हटलं. पट्टी आक्रसली, लालाची निळी झाली आणि काकांच्या चेहऱ्यावर निवृत्तीच्या दिवसानंतर पहिल्यांदा असं तेज आलं.

इथे थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण समितीच्या बाहेरच्या सदस्याला आपलंही काही योगदान असावंसं वाटलं. त्यांच्या भाच्याने त्यांना कॉम्प्युटर साफ करणारी एक करामत पेन ड्राइव्हवर दिली होती. ती त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर अजून वापरली नव्हती, का ते नंतर कळलं. मॅनेजरांनी पेन ड्राइव्ह लावला, काहीतरी फिरायला लागलं, बरंच काही बरंच झपाट्याने साफ होत असल्याचं दिसलं, पडदा एकदा मिटला, उघडला आणि काळा झाला. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी उघडझाप करत राहिली. मॅनेजर पाच मिनिटांत आलोच म्हणून वर गेले.

काकू ओले हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं.

“ताई?” त्यांनी एवढंच विचारलं.

“दुसरी प्रत आहे ना,” काका म्हणाले.

“कुठे आहे?”

“रिकव्हरीत.”

“आणि रिकव्हरी कुठे आहे?”

काकांनी हात उचलून त्या काळ्या पडद्याकडे दाखवलं, आणि दाखवता दाखवताच तो हात फोनकडे वळला. जावयाला फोन लावला. तो ह्या वेळी जेवत नव्हता, त्यामुळे त्याने नीट ऐकलं आणि नीट सांगितलं, की बाबा, ते दोन कप्पे खरे, पण कपाट एकच. एवढ्या साध्या गोष्टीला काका चुकले होते. रेकॉर्ड रूममध्ये दुसरं कपाट पलीकडच्या इमारतीत होतं, आगीपासून, वाळवीपासून, साहेबांपासून लांब. इथे दोन्ही प्रती एकाच सागवानात सुतारकाम करून बंद केलेल्या. काकूंनी दोन शब्द सुनावले असते तर काकांना बरं वाटलं असतं.

शनिवारी सकाळी सुताराला बोलावलं. त्याने सगळी हकीकत ऐकून घेतली आणि कपाट तोडायला नकार दिला. असं काम आता त्याच्याही हातून परत होणार नाही, असं तो म्हणाला, आणि सांध्यावरून हात फिरवत राहिला. काकांनी विनवलं, चोराची अट मागे घेतली. तासभर रुसून मग त्याने करवत काढली, पण आपल्या मनासारख्याच ठिकाणी चालवली. परिणाम असा झाला, की यंत्र सुटलं खरं, पण दोन्ही अंगाला आणि डोक्यावर एकेक फळी घेऊनच. ते धूड मांडीवर घेऊन काका रिक्षात बसले. काकू शेजारी, आणि पुढे रिक्षावाल्याजवळ मॅनेजर, कारण त्यांनाही घरी चैन पडत नव्हतं. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईंनी हे देवघर कुठून घेतलं म्हणून विचारलं.

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाची पाटी दवाखान्याची होती, आणि मालकाला सगळे डॉक्टरच म्हणत. त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोपच्या जागी हेडफोन लटकत असे. समोरच्याला काय सांगायचं आहे ते त्याला आधीच माहीत असायचं, त्यामुळे ऐकण्यात त्याचा वेळ जात नसे. त्याने फळ्यांकडे पाहिलं, वायर जोडली, काळा पडदा आणि पांढरी रेघ पाहिली आणि ह्यात काही विशेष नाही म्हणाला. काका सांगायला गेले की आत एक फार महत्त्वाचं... पण तोवर त्याने एक बटण दाबून धरलं होतं. पडद्यावर रिकव्हरी हा शब्द आला. काकांना जुना दोस्त भेटल्यासारखं वाटलं. डॉक्टरने आणखी एकदा दाबलं आणि खुर्ची मागे सारली.

“झालं काम. बसा निवांत. अगदी पहिल्या दिवसासारखा करून देतो.”

काकांचा जीव भांड्यात पडला. पहिल्या दिवसासारखा. त्यांनी मॅनेजरांकडे पाहिलं, मॅनेजरांनी मान डोलावली. काकू मात्र स्टुलावरून उठल्या.

“पहिल्या दिवशी,” त्या सावकाश म्हणाल्या, “त्यात ताईचा आवाज नव्हता.”

पडद्यावर एक बारीक पट्टी डावीकडून सरकायला लागली होती. काकूंनी डॉक्टरला विचारलं की पहिल्या दिवसानंतरचं सगळं कुठे जातं. तो म्हणाला, ते पुसलं जातं, म्हणून तर नव्यासारखा होतो. काकांनी थांबवा म्हटलं, तोंडाने आणि दोन्ही हातांनी. डॉक्टर पहिल्यांदाच खुर्चीत सरळ झाला. एकदा सुरू झालेलं मध्येच तोडलं तर काय राहील आणि काय जाईल ते सांगता येत नाही, असं तो म्हणाला. काकू पट्टीकडे पाहत राहिल्या. काका काकूंकडे पाहत राहिले. त्यांच्या हातून एक कागद हरवला नव्हता, आणि आता जे जाणार होतं त्याची नक्कल जगात कुठे नव्हती. उद्या ताई येणार होत्या, खुर्चीत बसणार होत्या, आणि ह्यांनी त्यांना काय ऐकवायचं होतं.

पट्टी थोडी सरकली आणि थांबली. मग पडदा निळा झाला आणि त्यावर अक्षरं उमटली. डॉक्टरने वाचली, पुढे वाकून परत वाचली.

“रिकव्हरीतलं सामान सापडत नाही म्हणतोय. म्हणून काहीच केलं नाही म्हणतोय. असं कसं होईल? ते कंपनीनेच भरून दिलेलं असतं.” मग त्याने तिघांकडे वळून पाहिलं. “कुणी उडवलं ते?”

मॅनेजर भिंतीवरच्या एका कीबोर्डाची बटणं फार बारकाईने पाहू लागले. काकांना त्यांचं नाव घेता आलं असतं. त्यांनी घेतलं नाही.

“आम्ही,” काका म्हणाले. “रीतसर. समिती नेमून.”

डॉक्टरने कपाळाला हात लावला. मग जे काही तो बोलला ते दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांनी हातातली कामं सोडून ऐकलं. त्या कप्प्यात पहिल्या दिवसाचं अख्खं यंत्र घडी घालून ठेवलेलं असतं, ते ह्या लोकांनी बेवारस म्हणून फेकून दिलं आणि मिक्सरचं गॅरंटी कार्ड तेवढं जपलं, असं कुणी केल्याचं त्याने आजवर ऐकलं नव्हतं. काका मान खाली घालून ऐकत होते. मंगळवारपासून त्यांची अब्रू चौकटीने काढली, पोरीने काढली, सुताराने काढली. आता हाही काढत होता. पण ऐकता ऐकता त्यांच्या डोक्यात काहीतरी हललं.

“म्हणजे ते सामान आत असतं,” त्यांनी विचारलं, “तर आत्ता काय झालं असतं?”

“काय म्हणजे? एव्हाना सगळं साफ झालं असतं,” डॉक्टर म्हणाला, आणि आपण काय म्हणालो ते ऐकून त्याने पडद्यावरची अक्षरं पुन्हा एकदा वाचली.

काकू मटकन स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि बराच वेळ त्यांना तो काढता आला नाही.

त्यानंतर डॉक्टरने ऐकून घेतलं, पहिल्यापासून आणि नीट. मग फळ्या बाजूला करून त्याने यंत्र उघडलं, आतली डिस्क काढली आणि आपल्या यंत्राला जोडली. मॅनेजरांच्या करामतीने कॉम्प्युटरचं स्वतःचं बरंच काही झाडून नेलं होतं, पण दोन्ही कप्प्यांतलं घरचं सामान जागच्या जागी होतं. किल्ल्या होत्या, सभा होत्या, मिक्सर होता. काकूंनी एकाच गोष्टीवर बोट ठेवलं. डॉक्टरने ती लावली, आणि दुकानभर आवाज घुमला: “ए, चालू झालं का हे? मान वर कर आधी.” दुकानातल्या सगळ्यांनी माना वर केल्या. डॉक्टरनेही केली.

रविवारी ताई आल्या. नेहमीसारख्या ताठ बसल्या, पाणी प्यायल्या, भिंतीजवळ उभ्या करून ठेवलेल्या फळ्यांकडे पाहून भुवया उंचावल्या. डॉक्टरने कॉम्प्युटर पुन्हा उभा करून दिला होता. काकूंनी तो सुरू केला तसे काका उठले. जपणाऱ्याने ऐकायचं नाही, ते आतल्या खोलीत निघाले होते. ताईंनी त्यांची बाही धरली आणि शेजारच्या खुर्चीवर हाताने थोपटलं. तो हात मैदानावरचाच होता. काका बसले.

आवाज सुरू झाला. ताई मांडीवर हात ठेवून आपणच आपल्याला ऐकत होत्या. लहानपणी दोघींनी झाडावरून मारलेल्या उड्या झाल्या, वडिलांचा ओरडा झाला, काकूंना गणितात मिळालेल्या भोपळ्याची जुनी थट्टा झाली. काकू मधूनच बहिणीकडे पाहत होत्या, तिला गॅलरीत जावंसं वाटतंय का ते. ताई हलल्या नाहीत. मग आवाज जरा खाली आला.

“हे तुझ्या नवऱ्याकडे दे ठेवायला. माणूस तसा बिनकामाचा आहे. खिळा ठोकायला सांगितला तर भिंत पाडील. पण त्याच्या हातून काही हरवलेलं मी आजवर पाहिलं नाही. उद्यापासून मला बोलता येणार नाही. माझा आवाज त्याच्याकडे असू दे. दुसऱ्या कुणाकडे नको.”

हे वाक्य इतके दिवस काकांच्याच कपाटात पडून होतं, दोन-दोन प्रतींत, आणि काकांना ते ठाऊक नव्हतं. काकूंना ठाऊक होतं. त्या मुद्दाम खिडकीबाहेर पाहत बसल्या. काकांना भरून आलं. लोकांपुढे आपणच आपल्याबद्दल जे म्हणत हिंडलो, ते कुणी आपल्यामागे म्हटलं असेल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. त्यांना ताईंना सांगावंसं वाटलं, की हरवता हरवता राहिलं हो.

पण तेवढ्यात ताईंनी बोट गोल फिरवलं. परत लाव. काका डोळे पुसत उठले आणि ‘हरवलेलं मी आजवर पाहिलं नाही’ तिथपासून लावलं. ताईंनी मान हलवली. आणखी मागे. काकांनी ‘तुझ्या नवऱ्याकडे दे’पासून लावलं. आवाज बिनकामाचा म्हणाला, खिळा म्हणाला, भिंत म्हणाला, आणि तिथे ताईंनी हात वर केला. बस, हेच. त्यांचे खांदे हलत होते. तोंडातून हूं की चूं नाही, पण त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या, आणि हसता हसता त्यांनी काकांच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला.

काकांनी ते वाक्य परत लावलं. मग ताईंना हवं होतं तितक्या वेळा लावत राहिले.